काच धुणाऱ्या पाण्याची गळती

पावसाची सर नुकतीच ओसरली आहे आणि मोटार हमरस्त्यावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. एवढ्यात समोरून येणाऱ्या मालमोटारीच्या चाकांनी उडविलेला चिखल काचेवर येऊन आदळतो. चालक कळ दाबतो. परंतु पाणी येत नाही, आणि वायपर चिखल अधिकच पसरवितो. या वेगाने मोटार दर सेकंदास सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणजे तीन सेकंदांत तिने ५० मीटर अंतर जवळजवळ आंधळेपणाने कापले! टाकी तर परवाच भरली होती. मग पाणी गेले कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. क्रमाने विचार केला म्हणजे पुरे. प्रथम यंत्रणेची रचना पाहू. बॉनेटखाली किंवा पुढील चाकावरील पत्र्याच्या आड प्लॅस्टिकची एक टाकी असते. तिच्या तळाशी विजेचा छोटा पंप रबरी कड्यात घट्ट बसविलेला असतो. तेथून निघालेली बारीक नळी, वाटेत फाटे फुटून, काचेजवळच्या तोट्यांपर्यंत जाते.

पंप बंद असताना पाण्याचा दाब केवळ त्याच्या उंचीवर अवलंबून असतो. सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ वातावरणाच्या दाबाएवढा दाब देतो. टाकीतील पाणी २० सेंटिमीटर खोल असेल, तर त्याचा तळावरील दाब वातावरणाच्या दाबाचा पन्नासावा भाग एवढाच भरेल. पंप सुरू होताच मात्र नळीतील दाब कित्येक पटींनी वाढतो. गळतीचा शोध याच भेदावर आधारलेला आहे.

पहिली कसोटी पंप बंद ठेवून करावी. टाकी भरून पातळीची खूण करावी, पाण्यात थोडा खाण्याचा रंग मिसळावा आणि खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरून मोटार रात्रभर उभी ठेवावी. सकाळी पातळी उतरलेली दिसली, तर दोष टाकीत, पंपाभोवतीच्या रबरी कड्यात किंवा तळाजवळच्या जोडात आहे. पाणी ठरावीक उंचीपर्यंत उतरून थांबले असेल, तर तडा बहुधा त्याच उंचीवर असतो.

पातळी कायम राहिली, तर दुसरी कसोटी घ्यावी. इंजिन बंद व थंड असावे. एकाने कळ थोडा वेळ दाबावी आणि दुसऱ्याने नळीचा मार्ग तपासावा. रंगीत पाणी जेथे झिरपेल, तेथेच दोष आहे. मागील काचेसही पाणी पुरविणाऱ्या मोटारीत नळी आतून जात असल्याने पायाखालचा गालिचाही हाताने चाचपून पाहावा. टाकी रिकामी असताना पंप चालवू नये. तो कोरडा फिरून खराब होतो.

आता दुरुस्तीकडे वळू. नळीचे टोक उष्णतेने ताठर झाले असेल, तर तेवढा तुकडा कापावा, नवे टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावे व पुन्हा बसवावे. उंदरांनी कुरतडलेली नळी त्याच व्यासाची आणून बदलावी. रबरी कडे झिजले असेल, तर नवे कडे पाण्याने ओले करून बसवावे; खनिज तेलाने अनेक जातींचे रबर फुगते. तडा गेलेली टाकी बदलणेच इष्ट, कारण ज्या प्लॅस्टिकच्या टाक्या सामान्यतः बनवितात त्यावर डिंकासारखे पदार्थ नीट चिकटत नाहीत. हिमालयाच्या थंड प्रदेशांत तडा जाण्याचे कारण बर्फही असू शकते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. म्हणून तेथे न गोठणारे द्रावण वापरावे. मात्र अशी कित्येक द्रावणे विषारी असतात. ती मुलांपासून दूर ठेवावीत.

एक शेवटची गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जोड नीट बसवूनही नळी पुन्हापुन्हा निसटत असेल, तर दोष जोडात नसून तोटीत असण्याचा संभव असतो. जड पाण्यातील क्षार साचून तोटी बुजते, पाण्यास वाट उरत नाही आणि वाढलेला दाब सर्वांत दुबळा जोड उखडतो. बारीक सुईने तोटी मोकळी केली, की गळती आपोआप थांबते. पाणी जेथे दिसते तेथेच त्याचे कारण असते असे नाही. आधी कारण शोधावे, मगच हत्यार हाती घ्यावे.