थंडीतले कढण : ताकद पाण्यात की डाळीत?

थंडीचा कडाका वाढला की दवाखान्यात खोकल्याचे आवाज वाढतात आणि त्याबरोबर एक ठरलेला प्रश्नही वाढतो. "डॉक्टर, सूप दिलं तर चालेल ना?" विचारणारी कधी सासूबाईंना घेऊन आलेली सून असते, कधी नातवाला कडेवर घेतलेली आजी, तर कधी टायफॉईडमधून उठलेल्या मुलाचे वडील. माझे उत्तर "जरूर द्या" असेच असते. पण त्या उत्तराला जोडून आणखी बरेच सांगण्यासारखे आहे. बाहेर वीस-पंचवीस रुग्ण बसलेले असताना ते सविस्तर सांगता येत नाही, म्हणून या आठवड्याचा विषय हाच घेतला.

सूप हा शब्द आपल्याकडे हॉटेलातून आला असला तरी ती वस्तू आपल्या चुलीवर फार पूर्वीपासून शिजते आहे. मुगाचे कढण, कोकणातले कुळथाचे सार, देशावरचे हुलग्याचे माडगे, टोमॅटोचे सार, कोल्हापूरकडची मटणाची अळणी ही सगळी आपली सूपच आहेत. आयुर्वेदातही पंचकर्मानंतर रुग्णाला एकदम पोटभर जेवण देत नाहीत. आधी पेया, मग विलेपी, त्यानंतर यूष आणि मांसरस अशा पायऱ्यांनी त्याला नेहमीच्या जेवणावर आणतात. यूष म्हणजे कडधान्याचे कढण. यात लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, या पायऱ्या पातळाकडून घट्टाकडे चढत जातात. आपण मात्र पुष्कळदा पहिल्या पायरीवरच रुग्णाला बसवून ठेवतो.

आधी कढणाचे गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. उन्हाळ्यात तहान माणसाला पाण्याची आठवण करून देते. थंडीत तहान मंदावते, पण शरीरातून पाणी जाणे थांबत नाही. गारठ्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या भागाकडे वळते आणि मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात. थंडीत लघवीला वारंवार जावे लागते ते यामुळेच. त्यात घरातली वयस्कर मंडळी रात्री उठायला नको म्हणून दुपारपासूनच पाणी तोडतात. मग बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, सकाळी उठताना चक्कर अशा तक्रारी सुरू होतात. "पाणी प्या" असे शंभर वेळा सांगून न ऐकणारे आजोबा संध्याकाळी सहा वाजता समोर आलेली गरम कढणाची वाटी मात्र आनंदाने संपवतात. एवढा एक फायदा झाला तरी पुष्कळ झाले.

सर्दीतही गरम कढणाने बरे वाटते, आणि तो नुसता मनाचा खेळ नाही. अमेरिकेत १९७८ साली पंधरा निरोगी माणसांवर एक छोटा प्रयोग झाला. गार पाणी, गरम पाणी आणि कोंबडीचे गरम सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगाने पुढे सरकतो ते मोजले. गार पाण्याने वेग कमी झाला. गरम पाण्याने वाढला आणि सुपानेही वाढला. नाक मोकळे झाल्यासारखे वाटते ते या कारणाने. मात्र गरम पाण्याचा आणि सुपाचा हा परिणाम अर्ध्या तासात ओसरला होता. पुढे २००० साली नेब्रास्का विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगशाळेत पाहिले, तर सुपामुळे रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावत होती. त्यामुळे सर्दीची सूज कमी होत असावी, असा त्यांचा अंदाज होता. तो प्रयोग काचेच्या नळीतला होता, रुग्णांवरचा नव्हे. तेव्हा कढणाने सर्दीत आराम पडतो असे म्हणावे, सर्दी बरी होते असे म्हणू नये.

आता मुख्य मुद्दा. पाणी, ऊब, मीठ, तोंडाला चव हे सारे कढण देते. ताकद देते का?

याचे उत्तर आपल्या गृहिणींना ठाऊक आहे, फक्त त्या दृष्टीने आपण त्याकडे पाहिलेले नसते. होळीला पुरण घालताना हरभऱ्याची डाळ शिजली की वरचा कट काढून घेतात. कटाची आमटी होते आणि डाळीचे पुरण होते. दोन पुरणपोळ्या खाल्लेला माणूस रात्री जेवत नाही. नुसती कटाची आमटी प्यायलेल्याला तासाभरात भूक लागते. डाळीतली प्रथिने आणि पिष्ट पदार्थ बहुतांशी डाळीतच राहतात. पाण्यात उतरतो तो रंग, वास, थोडे क्षार आणि थोडीफार जीवनसत्त्वे. शंभर ग्रॅम कोरड्या मुगात किंवा कुळथात २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. त्याचे कढण करून गाळले आणि मूग बाजूला ठेवले, तर रुग्णाच्या वाटीत त्यातली नावापुरतीच येतात. आणि बाजूला ठेवलेले मूग आपण उसळ करून धडधाकट माणसांना वाढतो!

मांसाहारी घरांत हाच प्रकार पायाच्या सुपाबाबत होतो. हाड मोडलेल्या माणसाला महिनाभर पाया सूप पाजले जाते. समजूत अशी की, हाडातले कॅल्शियम सुपात उतरते आणि तिथून रुग्णाच्या हाडात जाते. वास्तविक हाडे कितीही वेळ उकळली तरी त्यातले कॅल्शियम पाण्यात फारच थोडे येते. सूप गार झाल्यावर जे थिजते ते जिलेटिन. या जिलेटिनचा किस्सा वाचण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये गरिबांना आणि इस्पितळातल्या रुग्णांना हाडांचे जिलेटिन काढून त्याचे सूप देण्याची टूम निघाली. स्वस्तात मांसाचे पोषण, अशी त्याची ख्याती होती. त्यावर बराच वाद झाला. शेवटी तिथल्या विज्ञान अकादमीने माजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुत्र्यांना खाऊ घालून प्रयोग झाले आणि नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही असे दिसून आले. १८४१ साली हा अहवाल आला, तरी पाया सुपाची कीर्ती काही कमी झालेली नाही. आवडत असेल तर खुशाल प्यावे. पण हाडासाठी काही द्यायचे तर दूध, दही आणि नाचणी द्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि ती पायापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

धडधाकट माणसाने गाळलेले कढण घेतले तर काही बिघडत नाही. तो पुढे दोन भाकरी खाणारच असतो. प्रश्न आहे तो ज्यांच्या पोटात दिवसभरात थोडेच जाते त्यांचा.

पहिले तान्हे बाळ. सहा महिने पूर्ण होईपर्यंत त्याला आईच्या दुधाखेरीज काही नको, वरणाचे पाणीही नको. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करायचे तेव्हा आजी मोठ्या मायेने वरणावरचे पाणी काढते आणि चमच्याने पाजते. बाळ आवडीने पिते, त्याचे पोट टम्म होते आणि ते झोपते. घरच्यांना समाधान. पण त्या एवढ्याशा पोटात पाणीच भरले, तर अन्नाला जागा कुठून राहणार? दोन-तीन महिन्यांनी अंगणवाडीत वजन करतात तेव्हा काटा तिथेच असतो आणि सगळे म्हणतात, "खातं तर चांगलं!" अशी बाळे मी दर हिवाळ्यात पाहतो. याला उपाय काही खर्चाचा नाही. तीच डाळ, तोच भात, मऊ शिजवून चांगला घोटायचा, वर अर्धा चमचा तूप. चमचा किंचित कलता केला तरी अन्न लगेच ओघळू नये, इतके ते घट्ट हवे.

दुसरे म्हातारे माणूस. न्यूमोनिया झाला, पडून मांडीचे हाड मोडले, किंवा नुसता आठ दिवस ताप आला, की "त्यांना काही जात नाही, सूपच घेतात" असे ऐकू येते. दोन दिवस ठीक आहे. पण अंथरुणावर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे मांस फार झपाट्याने झडते. पंधरा दिवस पातळ पाण्यावर काढले, तर आजार बरा होतो आणि माणूस उठून उभा राहू शकत नाही. त्यातून पक्षाघात झालेला रुग्ण असेल तर आणखी सांभाळावे लागते. त्याला पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो आणि सूप श्वासनलिकेत जाऊ शकते. अशांना पुष्कळदा घट्टसर अन्न जास्त सोपे जाते. ठसका लागत असेल तर पाजणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तिसरा क्षयरोगी. गोळ्या चालू आहेत, पण वजन वाढत नाही, याचे कारण बऱ्याचदा ताटात असते. केंद्र सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ साली दरमहा ५०० रुपयांनी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. हा पैसा डबाबंद पावडरीवर घालण्यापेक्षा डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध यांवर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तर मग कढण करायचे कसे? मी घरी हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे करतो ते सांगतो. चार माणसांसाठी शंभर ग्रॅम हुलगे निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावेत. मोड आणले तर उत्तम, नाही आणले तरी चालेल. सकाळी कुकरला चार वाट्या पाणी घालून पाच-सहा शिट्ट्या कराव्यात. हुलगा बोटाने दाबल्यावर पुरता चेपला पाहिजे. गार झाल्यावर सगळेच्या सगळे हुलगे पाण्यासकट रवीने घोटावेत किंवा मिक्सरला लावावेत. गाळू नये. बाळाला किंवा दात नसलेल्यांना साले टोचतात असे वाटले, तर मुगाची सालीशिवायची डाळ घ्या, पण गाळणे हातात घेऊ नका. एक चमचा नाचणीचे पीठ गार पाण्यात कालवून त्यात सोडावे, म्हणजे दाटपणा येतो. तुपाची फोडणी, जिरे, हिंग, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, कढीपत्ता, सोसत असेल तर एक हिरवी मिरची. अर्धा लहान चमचा मीठ. दोन उकळ्या आल्या की उतरवावे आणि लिंबू मात्र खाली उतरवल्यावर पिळावे. उकळताना घातले तर त्यातले क जीवनसत्त्व बरेच नाश पावते, आणि हुलग्यातले लोह अंगी लागायला त्याची मदत होते.

आता हिशेब करा. शंभर ग्रॅम हुलग्यांतली २२ ग्रॅम प्रथिने चार जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच-साडेपाच ग्रॅम येतात. पन्नास किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ४० ग्रॅम लागतात, आजारपणात त्याहूनही जास्त. म्हणजे न गाळलेले कढणसुद्धा जेवणाच्या जागी चालणार नाही. त्यात भाकरी कुस्करावी, मऊ भात कालवावा, खात असल्यास उकळत्या कढणात अंडे फेटून सोडावे. मटणाची अळणी असेल तर पाण्याबरोबर मऊ शिजलेले तुकडेही बारीक करून द्यावेत.

पाकिटातल्या सुपाविषयी बरेच जण विचारतात. प्रवासात, अडीअडचणीला ते घेतले तर पाप नाही. पण त्यात मक्याचे पीठ आणि मीठ यांचाच भरणा असतो. पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो, त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. रक्तदाबाच्या रुग्णाने एका वाटीत त्याचा तिसरा हिस्सा संपवावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कुळथाच्या पाण्याने मुतखडा विरघळतो, असेही कोणीतरी नेहमी सांगते. पाणी भरपूर पोटात गेले की लहान खडे लघवीवाटे पडायला मदत होते, मग ते पाणी कुळथाचे असो वा साधे. मोठा, अडकलेला खडा कुळथाने विरघळत नाही, आणि कळ येऊन ताप भरला तर घरी थांबू नये.

थंडी आहे म्हणून उरलेले कढण रात्रभर ओट्यावर ठेवू नका. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये घाला, फ्रीज नसेल तर तेवढेच करा जेवढे संपेल. पुन्हा गरम करताना नुसते कोमट न करता खळखळून उकळावे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी कढण, सूप, सार यांपैकी काहीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. त्यांच्या पाण्याच्या मापात ही वाटीही धरावी लागते. लहान मूल पिणे सोडून देत असेल, श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर कढण करत बसू नये, त्याला तडक दवाखान्यात आणावे. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांपुढे गेला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते.