सरकीच्या गाळातून इंधन : उत्प्रेरकाविना बायोडिझेल

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव. भोवतालचा मुलूख कापसाचा. या मुलखात कापूस, सरकी व तेल यांचा व्यापार करणाऱ्या घरांना कपाशीच्या बोंडाचा हिशेब तोंडपाठ असतो. रुई गाठींत जाते, पेंड गोठ्यात जाते, तेल कढईत जाते. उरतो तो तेलशुद्धीचा गाळ.

कच्च्या सरकी तेलात गॉसिपॉल हे पिवळे रंगद्रव्य व काही सुटी मेदाम्ले असतात. कॉस्टिक सोड्याने तेल शुद्ध करताना या मेदाम्लांचा साबण होऊन तो तळाशी बसतो. व्यापारात त्याला सोपस्टॉक म्हणतात. त्यावर आम्लाची प्रक्रिया केली की ‘ॲसिड ऑइल’ मिळते. आजवर त्याचे मोठे गिऱ्हाईक साबणवाले. यापासून डिझेलच्या इंजिनात चालणारे इंधन करता येईल काय, हा आपल्या धंद्याशी थेट निगडित प्रश्न आहे.

बायोडिझेल करण्याची रूढ रीत अशी : तेलात मिथेनॉल व थोडा अल्कली उत्प्रेरक घालून सुमारे ६० अंशांवर ढवळतात, बायोडिझेल वर येते व ग्लिसरीन खाली बसते. शुद्ध तेलास ही रीत उत्तम. परंतु तेलात सुटी मेदाम्ले एक टक्क्याहून फारशी अधिक असली की अल्कली त्यांच्याशी संयोग पावतो, साबण होतो आणि थर वेगळे होत नाहीत. गंधकाम्ल वापरावे तर अभिक्रिया मंदावते, यंत्र गंजते आणि शेवटी ते आम्ल धुऊन काढावे लागते. स्वस्त माल असा धुण्यातच महाग होतो.

यावरचा उपाय म्हणजे उत्प्रेरकच वगळणे. २३९ अंश सेल्सिअस व वातावरणाच्या सुमारे ८० पट दाब यांपलीकडे मिथेनॉल ना धड द्रव राहते ना वायू, आणि तेलात सहज मिसळते. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या शिरो साका व दादन कुस्दियाना यांनी २००१ साली ३५० अंशांवर मोहरीवर्गीय रेपसीड तेलाचे अवघ्या चार मिनिटांत बायोडिझेल केले. पुढे त्यांनी दोन टप्प्यांची रीत मांडली : प्रथम तप्त पाण्याने तेलातील मेदाम्ले सुटी करावयाची, मग सुमारे २७० अंशांवर त्यांचा मिथेनॉलशी संयोग घडवावयाचा. २००४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिरिधर मद्रास व सहकाऱ्यांनी सूर्यफूल तेलावर असेच प्रयोग प्रसिद्ध केले.

ॲसिड ऑइलमध्ये बव्हंशी मेदाम्लेच असल्याने पहिल्या टप्प्याचे बरेचसे काम आधीच झालेले असते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १०० किलो ओलेइक आम्लास सुमारे ११ किलो मिथेनॉल लागते; सुमारे १०५ किलो बायोडिझेल व ६ किलो पाणी मिळते. मेदाम्ल स्वतःच आम्लधर्मी असल्याने उत्प्रेरकाचे काम काही अंशी तेच करते.

तथापि फायद्याच्या पानासमोर खर्चाचे पान आहेच. निर्माण झालेले पाणी अभिक्रिया मागे खेचते. म्हणून मिथेनॉल हिशेबाहून पुष्कळ अधिक घालावे लागते व उरलेले परत मिळवावे लागते. बायोडिझेलच्या भारतीय मानकानुसार, आयएस १५६०७ नुसार, आम्लांक ०.५० हून अधिक चालत नाही. तो गाठण्यास पाणी काढून पुन्हा ताजे मिथेनॉल द्यावे लागते. उष्ण मेदाम्ले साधे लोखंड खातात, त्यामुळे जाड, गंजरोधक पोलादाची पात्रे हवीत. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे. दृष्टी घालविण्यास त्याची थोडी मात्रा पुरते. हे गोदामाच्या कोपऱ्यात करून पाहावयाचे काम नव्हे.

आणखी एक सावधगिरी. ही अभिक्रिया वनस्पतिजन्य मेदाम्ल आणि प्राण्यांची चरबी यांत भेद करीत नाही. तो भेद खरेदी करणाऱ्यानेच करावयाचा असतो. मालाचा उगम लेखी मागावा.

तेव्हा या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी प्रथम आपल्या मालाचा आम्लांक व ओलावा तपासून घ्यावा, मिथेनॉल आणि इंधन यांचा खर्च मांडावा, साबणवाल्याच्या भावाशी तो ताडून पाहावा. नागपूरची १९४२ साली स्थापन झालेली लक्ष्मीनारायण संस्था तेल तंत्रज्ञानासाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणच्या जाणकारांचा सल्ला भांडवल गुंतविण्यापूर्वी घेणे शहाणपणाचे. गाळाचे सोने होईल की नाही, हे अखेर वहीच सांगेल.