सेविकांची अरुंद शिडी

सिल्लोडसारख्या तालुक्यात बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलीपुढे नोकरीचे जे मोजके मार्ग असतात, त्यांत परिचर्येचा मार्ग सन्मानाचा मानला जातो. मात्र या मार्गाने शिरलेली स्त्री पुढे कोठवर पोहोचते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

तो ग्रामीण आरोग्यव्यवस्थेच्या निकषांतच दडलेला आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे ते निकष. उपकेंद्रात निदान एक आरोग्यसेविका असते. सहा उपकेंद्रांवर देखरेख करणारी आरोग्य सहायिका मात्र एकच. म्हणजे सहा जणींमागे बढतीची जागा एक! रुग्णालयातही अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या चढत जाव्यात तशा जागा घटत जातात. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी ही निर्णयाची पदे तर डॉक्टरांचीच.

ही पदनामे स्त्रीलिंगी आहेत, हा योगायोग नव्हे. आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम केवळ स्त्रियांसाठी आहे. ‘एम्स’नेही २०१९ मध्ये परिचर्येच्या भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांसाठी राखण्याचे ठरविले. वरकरणी हा स्त्रियांचा लाभच. परंतु अर्थतज्ज्ञ बार्बरा बर्गमन यांनी १९७० च्या दशकात दाखविले की, इतर दारे बंद असल्याने स्त्रियांची गर्दी मोजक्याच व्यवसायांत झाली की त्या श्रमांचे मोल घसरते. सेवाभावाचा गौरव मग वेतनाची आणि अधिकाराची भरपाई म्हणून पुढे केला जातो.

मग पुरुषांना प्रवेश दिला की प्रश्न सुटेल काय? तेवढ्याने नाही. क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील परिचर्येसारख्या स्त्रीप्रधान व्यवसायांचा अभ्यास केला, तेव्हा अल्पसंख्य पुरुषच तेथे वेगाने वर चढतात असे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार आरोग्यसेवेतील ७० टक्के मनुष्यबळ स्त्रियांचे. वरिष्ठ पदांवर त्या केवळ २५ टक्के.

तेव्हा दार सर्वांना खुले करतानाच शिडीही लांब व रुंद करावयास हवी. आरोग्यसेविकेला सेवेत राहून, पगारी रजेवर पुढील परिचर्या शिक्षण घेता आले पाहिजे आणि त्याची सोय जिल्ह्यातच हवी. कारण घरसंसार सोडून दूरच्या शहरी दोन-तीन वर्षे राहणे बहुतेकींना अशक्य असते. अनुभव व पदवी यांच्या आधारे तिला आरोग्य प्रशासनातही स्थान मिळावे. खेड्यातील बाळंतपणे आणि लसीकरण जिच्या भरवशावर चालते, तिला त्यांच्या नियोजनात मत नसावे, ही व्यवस्था न्यायाची नाही आणि शहाणपणाचीही नाही.