दम्याचा रोजचा पंप : बरे वाटते त्या दिवशीही आवश्यक

दमा हा विकार आपल्या भागाला नवा नाही. गिरगावातील जुन्या चाळींच्या ओल धरलेल्या भिंती, दादर स्थानकाबाहेरील वाहनांचा धूर, परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी होत असलेल्या बांधकामांची धूळ यांमुळे दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. सुदैवाने आज या विकारावर प्रभावी औषधे उपलब्ध आहेत. तरीही 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जागतिक अभ्यासाच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात असताना, दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू मात्र भारतात होतात. या विषमतेचे एक मोठे कारण म्हणजे रोज घ्यावयाचे औषध आपल्याकडे फार थोडे लोक नियमित घेतात.

दमा म्हणजे काय?

दम्यामध्ये फुप्फुसात हवा नेणाऱ्या श्वासनलिकांच्या आतील अस्तराला कायमचा दाह असतो. धूळ, धूर, बुरशी, थंड हवा किंवा सर्दी यांपैकी एखादे निमित्त घडले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, अस्तर सुजते आणि चिकट कफ साठतो. मग छातीत शिट्टी वाजते, धाप लागते, पहाटे खोकल्याने जाग येते. धाप ओसरली तरी दाह ओसरलेला नसतो. राखेखाली निखारा असावा तसा तो आतल्या आत धुमसत राहतो. दम्याचा उपचार समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

एका पंपात दोन औषधे

संयुक्त पंपामध्ये दोन औषधे असतात. पहिले औषध स्टिरॉईड गटातील असते, उदाहरणार्थ ब्युडेसोनाईड किंवा फ्लुटिकासोन. ते अस्तराचा दाह शमवते. दुसरे औषध फॉर्मोटेरॉल किंवा सालमेटेरॉल. ते आवळलेले स्नायू सैल करते व त्याचा परिणाम सुमारे १२ तास टिकतो. म्हणूनच हा पंप सर्वसाधारणपणे सकाळी व रात्री असा दोन वेळा घ्यावयास सांगितला जातो.

ब्युडेसोनाईड व फॉर्मोटेरॉल यांच्या संयुक्त पंपाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. भारताच्या २०२२ सालच्या राष्ट्रीय यादीतही तो आहे. असे पंप बनवणारी सिप्ला ही कंपनी १९३५ साली याच शहरात स्थापन झाली व तिचे मुख्य कार्यालय लोअर परळ येथे आहे. औषध आपल्या दाराशी आहे. प्रश्न आहे तो त्याच्या नियमित वापराचा.

निळा पंप पुरेसा का नाही?

अनेक घरांत साल्ब्युटामॉलचा निळा पंप असतो. तो काही मिनिटांत आराम देतो, म्हणून रुग्णाची त्याच्यावरच भिस्त असते. परंतु तो केवळ स्नायू सैल करतो. दाहावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. दम्याच्या उपचारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या 'जीना' या संस्थेने २०१९ साली स्पष्ट केले की, प्रौढांनी व १२ वर्षांवरील मुलांनी केवळ अशा तात्पुरत्या आरामाच्या पंपावर विसंबून राहू नये. दाह शमवणारे औषध उपचारात असलेच पाहिजे.

फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच काम सुरू करते. त्यामुळे फॉर्मोटेरॉल असलेला संयुक्त पंप काही रुग्णांना रोजच्या वापरासाठी आणि त्रास झाल्यास आरामासाठीही दिला जातो. सालमेटेरॉलचा परिणाम सावकाश सुरू होत असल्याने तो पंप आरामासाठी वापरू नये. आपला पंप कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना विचारून घ्यावे.

खरी कसोटी बरे वाटल्यावर

स्टिरॉईडचा परिणाम दिसू लागण्यास काही दिवस आणि पूर्ण लाभ मिळण्यास काही आठवडे लागतात. येथे रुग्णाची दोनदा परीक्षा होते. पहिल्या आठवड्यात 'काही फरक पडत नाही' म्हणून पंप बाजूला ठेवला जातो. महिन्या-दोन महिन्यांनी 'आता अगदी बरे आहे' म्हणून तो बंद केला जातो. वस्तुतः बरे वाटते ते पंपामुळेच. तो थांबवला की दाह पुन्हा वाढू लागतो आणि पावसाळी हवेचे किंवा साध्या सर्दीचे निमित्त होऊन रुग्णाला मध्यरात्री रुग्णालय गाठावे लागते.

दमा सुमारे तीन महिने उत्तम नियंत्रणात राहिल्यास डॉक्टर औषधाची मात्रा कमी करू शकतात. हा निर्णय मात्र त्यांनीच घ्यावा. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा दिवसा त्रास झाला, आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला, दम्याने रात्री जाग आली किंवा जिना चढण्यासारखी नेहमीची कामे अडली, तर दमा पूर्णपणे नियंत्रणात नाही असे समजावे.

पंप घेण्याची योग्य रीत

चुकीच्या पद्धतीने घेतलेले औषध घशातच राहते. फवाऱ्याचा पंप प्रथम चांगला हलवावा. श्वास पूर्ण बाहेर सोडावा, ओठांनी पंपाचे तोंड घट्ट धरावे, सावकाश श्वास घेण्यास आरंभ करतानाच पंप दाबावा आणि छाती भरेपर्यंत श्वास आत ओढावा. त्यानंतर सुमारे १० सेकंद श्वास रोखून धरावा. दुसरा फवारा अर्ध्या ते एक मिनिटाने घ्यावा. मुले व वृद्ध यांनी स्पेसर लावून पंप घेणे सोयीचे ठरते. रोटाहेलरसारख्या भुकटीच्या साधनात मात्र श्वास जोराने व खोल ओढावा लागतो. त्यात फुंकर मारू नये. भुकटीच्या कॅप्सूल गिळावयाच्या नसतात. मुंबईच्या पावसाळी हवेत त्या दमट होतात, म्हणून घेण्याच्या वेळीच बाहेर काढाव्यात.

पंप घेतल्यानंतर पाण्याने चूळ भरून ते पाणी थुंकून टाकावे. असे न केल्यास तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात व आवाज बसतो. सकाळच्या मिस्सेपूर्वी पंप घ्यावा की नाही, अशी शंका काही भाविकांना येते. पवित्र कम्युनियनपूर्वीच्या एक तासाच्या उपवासात पाणी व औषध यांना मुभा आहे. तेव्हा त्या कारणाने पंप चुकवू नये.

काही गैरसमज

'स्टिरॉईड' हा शब्द ऐकूनच अनेक जण घाबरतात. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजली जाते व औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते. उलट, पंप टाळून वारंवार झटके येऊ दिले तर स्टिरॉईडच्या गोळ्या मोठ्या मात्रेत घ्याव्या लागतात. पंपाची सवय लागते, हाही गैरसमजच होय. रोज चष्मा लावणे हे व्यसन नव्हे, तसेच हे.

मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू असताना पंप लपवला जातो, ही तर फार खेदाची गोष्ट आहे. लपवलेला पंप वेळेवर घेतला जात नाही. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे औषध घेण्यास काही रुग्ण श्रद्धेने जातात. त्यासाठी रोजचा पंप बंद करणे धोक्याचे आहे.

आधी निदान

प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. कापसाच्या तंतूंमुळे गिरणी कामगारांना होणारा बिसिनोसिस, दीर्घकाळच्या धूम्रपानाने होणारा सीओपीडी हे विकार वेगळे आहेत. २०२५ साली महापालिकेने दादरचा कबुतरखाना झाकला, त्या वेळी चर्चेत आलेला कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारा फुप्फुसाचा विकारही दम्याहून वेगळा आहे. म्हणून फुंकून करावयाची स्पायरोमेट्री ही तपासणी करून घ्यावी. परळचे के.ई.एम., मुंबई सेंट्रलचे नायर व भायखळ्याचे जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत छातीच्या विकारांसाठी स्वतंत्र विभाग आहेत.

उन्हाळ्यात घरोघरी मिरच्या भाजून बॉटल मसाला कुटला जातो, लालबागच्या मिरची गल्लीत डंख सुरू असतात. अशा वेळी रुग्णाने दूर राहावे. समारंभातील धुपाचा धूर सोसत नसल्यास दाराजवळची जागा घ्यावी.

धोक्याची चिन्हे

एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा आरामाच्या पंपाने उतार पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला ताठ बसवावे, डॉक्टरांनी नेमून दिलेला आरामाचा पंप द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

आपल्या घरात किंवा शेजारी कोणी दम्याचा रुग्ण असेल, तर 'आज धाप लागली का?' एवढेच विचारू नका. 'आज सकाळी पंप घेतला का?' हेही विचारा. कदाचित याच प्रश्नाने एखाद्या कुटुंबावरील संकट टळेल.