लास्ट बोट सुटल्यानंतर...

एलिफंटा म्हणजे लेणी, माकडं, कैरीच्या फोडी आणि ढीगभर फोटो... बास? त्याच बेटावर एक गावही आहे. स्वातंत्र्यानंतर तब्बल सत्तर वर्षं त्या गावात धड वीज नव्हती, आणि तीही मुंबईच्या झगमगाटासमोर. गेटवेपासून तासाभरावरच्या या गावात एक आख्खा शनिवार काढला, तेव्हा मला माझंच गाव आठवत राहिलं.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी लोहाऱ्याचा. धाराशिव जिल्ह्यातला लोहारा, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा. समुद्र आमच्यापासून इतका लांब की लहानपणी ‘बेट’ हा शब्द फक्त भूगोलाच्या पेपरात यायचा. ‘चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात,’ एक मार्क, पुढचा प्रश्न! आमच्याकडे चारही बाजूंनी असायचं ते ऊन. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, यावरून काय ते समजा.

आता ऐरोलीत आयटीतली नोकरी. सोमवार ते शुक्रवार डेडलाइन आणि वीकएण्डला झोप, असा एकूण फंडा. मुंबईत सहा वर्षं काढूनही मी एलिफंटाला गेलो नव्हतो, हे ऐकून टीममधली एक मैत्रीण उडालीच. म्हणाली, ‘‘लेणी नंतर बघ. आधी गाव बघ. माझी मावशी राहते तिथे.’’

‘‘तिथे कोण राहतं?’’ हा माझा प्रश्न. तुम्हीही हेच विचारलं असतं ना?

हत्ती भायखळ्याला, नाव बेटावर

गेटवेवरून बोट सुटली की ताज मागे पडतं, नौदलाची जहाजं मागे पडतात आणि सीगल आपल्या हातातल्या वेफर्सवर नजर ठेवून सोबत येतात. बोटीत चढतानाच लाइफ जॅकेट अंगावर चढवावं लागलं. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर नौदलाच्या स्पीडबोटीने ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडक दिली आणि १५ माणसं गेली. आपल्यासाठी ती एक पिकनिकची वाट. बेटावरच्या माणसांसाठी ती रोजची एसटी. हा फरक माझ्या डोक्यात त्या जॅकेटमुळेच शिरला.

बेटाचं खरं नाव घारापुरी. तालुका उरण, जिल्हा रायगड. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही मुंबई नव्हे! ‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगिजांनी दिलेलं. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून हा सगळा टापू त्यांच्याकडे गेला. राजबंदरजवळ त्यांना एक भलाथोरला दगडी हत्ती दिसला आणि बेटाचं बारसं झालं. पुढे १८६४ मध्ये इंग्रजांनी तो हत्ती उचलून न्यायचा घाट घातला, तेव्हा तो पडून फुटला. नंतर त्याचे तुकडे जोडले गेले आणि आज तो भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. म्हणजे हत्ती भायखळ्याला आणि त्याचं नाव मात्र बेटावर! पेन्शनीत गेलेल्या माणसाच्या नावाची पाटी दारावर राहावी तसं.

हरवण्याची ही एकच गोष्ट नाही. मुख्य लेण्यात म्हणे एक शिलालेख होता. तोही पोर्तुगिजांनी आपल्या देशी नेला आणि तिथे तो गहाळ झाला. त्यामुळे ही लेणी नेमकी कोणी कोरवून घेतली, हे सांगणारा हक्काचा पुरावाच गेला. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत. त्यावरून आणि शिल्पांच्या शैलीवरून बरेच अभ्यासक सहाव्या शतकाच्या मध्यावर बोट ठेवतात. म्हणजे जवळपास दीड हजार वर्षं. १९८७ मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

गाव कुठाय?

जेट्टीवर उतरलं की समोर मिनी ट्रेन. मग पायऱ्या, साधारण १२० आणि दोन्ही बाजूंना स्टॉल. मण्यांच्या माळा, दगडी हत्ती, टोप्या, लिंबू सरबत. चढवत नसेल त्यांच्यासाठी डोलीची खुर्ची. नव्वद टक्के पब्लिक याच रस्त्याने वर जातं आणि याच रस्त्याने खाली येतं. मीही आधी तेच केलं. आधी लेणी नको म्हणणाऱ्या मैत्रिणीलाही शेवटी वर यावंच लागलं. अंधारातून हळूहळू उमटणारा तो साडेपाच मीटर उंचीचा सदाशिव बघितला आणि पाच मिनिटं मोबाइल खिशातच राहिला. माझ्यासाठी हा रेकॉर्ड आहे.

पण गाव? गाव पायऱ्यांवर नसतं. गावाच्या तीन वाड्या आहेत. बोट लागते त्या अंगाला शेतबंदर, ईशान्येला मोराबंदर आणि दक्षिणेला राजबंदर. दोन डोंगर, मधे सखल भाग, किनाऱ्याला खारफुटी. एका डोंगरावर इंग्रजांच्या काळातल्या तोफा, दुसऱ्याच्या अंगाला बौद्ध लेणी, मोराबंदराजवळ विटांच्या स्तूपाचे अवशेष. सगळी मिळून हजार-बाराशे माणसं, बहुतेक आगरी-कोळी. पूर्वी भातशेती आणि मासेमारी, आता मुख्यतः पर्यटक.

मावशीचं घर शेतबंदरला. अंगणात जाळं वाळत टाकलेलं, दारात तुळस, ओटीवर विकायच्या माळा ओवणं चाललेलं. गेल्या गेल्या ताट समोर आलं. तांदळाची भाकरी, जवळ्याचं सुकं, भात. मी पडलो ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर वाढलेला गडी. पहिला घास जरा बिचकत घेतला, पुढचे मोजले नाहीत.

‘‘तुमच्याकडं समुद्र नाही ना?’’ मावशीने विचारलं.

‘‘नाही. किल्लारीच्या बाजूला आमचं गाव.’’

हात थांबले. ‘‘भूकंपवालं?’’

तीन तासांचा उजेड

किल्लारीचं नाव घेतलं की महाराष्ट्रात कुठेही माणसं अशीच थांबतात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. जवळपास दहा हजार माणसं. माझं आजोळ लोहारा तालुक्यातलं सास्तूर. सर्वाधिक फटका बसलेल्या गावांपैकी एक. मी त्यानंतर तीन वर्षांनी जन्मलो, म्हणून मला माहीत आहे ते फक्त नवं गाव. सरळ रेघेतले रस्ते, एकसारखी घरं. आजी मात्र अजूनही पडलेल्या जागेलाच ‘गाव’ म्हणते. राहते त्या जागेला ‘पुनर्वसन’.

मावशीकडे असा एका रात्रीत पडलेला घाव नव्हता. तिच्याकडे होती वाट बघणं. लग्न होऊन ती बेटावर आली तेव्हा घरात रॉकेलचे दिवे होते. पुढे पर्यटन महामंडळाच्या जनरेटरवर संध्याकाळचे तीनेक तास उजेड मिळायचा. त्या तीन तासांत स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, मोबाइल चार्जिंग, टीव्ही असं सगळं उरकायचं. मासळी त्याच दिवशी संपवायची नाहीतर सुकवायची, कारण फ्रीज असून उपयोग काय? आणि जनरेटर बंद पडला की दारात बसायचं. समोर पाण्यापलीकडे मुंबई. रात्रभर जागी, रात्रभर उजळलेली.

‘‘पोरं विचारायची, आई, तिकडं लाईट जात नाही का गं? काय सांगायचं?’’

लोडशेडिंगमध्ये बारावी केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण आमच्याकडे लाईट गेली की सगळ्या शिवारात जायची. अंधारातही समानता होती! इथे शेजारी झगमगाट आणि आपल्या घरात चिमणी. हे जास्त टोचत असणार.

२२ फेब्रुवारी २०१८. ही तारीख मावशीला वाढदिवसासारखी पाठ. न्हाव्याहून समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून महावितरणने वीज बेटावर आणली. खर्च सुमारे २५ कोटी. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उद्घाटनाला आले होते. गावात त्या दिवशी दिवाळी. मावशीने आधी काय घेतलं? फ्रीज. आणि मग? ‘‘मिक्सर. पाट्यावरचं वाटण चांगलं लागतं म्हणतात ते जेवणारे. वाटणारी कधी म्हणत नाही!’’

वीज आली, पोरं गेली

इथवर गोष्ट एकदम हॅप्पी एंडिंग. पण मावशीचा मुलगा कुठे आहे? उरणला. पोरांच्या शाळेसाठी खोली घेऊन राहतो. शिक्षण जरा पुढे सरकलं की बेट सोडावं लागतंच. कॉलेजला तर बोटच. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. रात्री कोणाला छातीत दुखायला लागलं तर आधी बोट शोधायची, मग डॉक्टर. आणि घर वाढवायचं म्हटलं तर तेही सोपं नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर निर्बंध, हा नियम २०१० च्या कायद्यातल्या दुरुस्तीपासून देशभर आहे. लेणी वाचायला हवीत, यात वादच नाही. पण लेण्यांच्या सावलीत राहणाऱ्याचं कुटुंब वाढतं, त्याने काय करायचं?

शिवाय सगळी भिस्त पर्यटकांवर. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लेणी बंद झाली आणि पायऱ्यांवरचे स्टॉल ताडपत्रीखाली गेले. समुद्र होता, पण मासळी आता पूर्वीसारखी मिळत नाही, असं मावशी म्हणते. समोर न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या क्रेन, जहाजांची रांग. उत्तरेला २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. ‘‘त्याच्यावरून गाड्या कशा पळतात बघ. आम्हाला नुसत्या दिसतात,’’ ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. पत्त्याची माहिती द्यावी तसं होतं.

मग मी तो प्रश्न विचारलाच. खरं तर तो तिच्यासाठी नव्हताच. ‘‘मग तुम्ही का नाही जात मुलाकडे?’’

सांगतो का ते. गेले सहा महिने मी आजीच्या मागे लागलोय. ऐरोलीला चल. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, खाली दवाखाना आहे. मामा पुण्याला, मावश्या लातूरला. सास्तूरच्या घरात ती एकटी. तिचं उत्तर ठरलेलं, ‘बघू.’ मला तो हट्ट वाटत होता. एका अर्थी अन्यायच. आम्ही इथे काळजी करत बसायचं आणि तिने तिथे बाजेवर बसायचं!

मावशी हसली. ‘‘जाते की. चार दिवस राहते. तिकडं मला कोणीतरी आणून सोडावं लागतं, कोणीतरी न्यावं लागतं. इथं मीच लोकांना वाट सांगते.’’

साडेपाचची वेळ

दुपार उतरली की बेटाचा आवाज बदलतो. स्टॉलवाले माळा गुंडाळायला लागतात, माकडं उरलेल्या कणसांवर तुटून पडतात, जेट्टीवर गर्दी होते. पर्यटकांना बेटावर मुक्कामाची परवानगी नाही. शेवटच्या बोटीने सगळे परत. मागे राहतात ती फक्त इथली माणसं. मावशी जेट्टीपर्यंत आली. हातात सुकटीची पिशवी कोंबली. ‘‘आजीला दे. खात नसेल तर शेजारी दे.’’

बोट वळली तेव्हा अंधार पडत होता आणि शेतबंदरला एकेक दिवा लागत होता. मोजता येतील एवढेच. समोर मुंबईही पेटत होती, पण आज मी उलट्या बाजूला तोंड करून बसलो होतो.

आजीला फोन लावला.

‘‘काय करायलास रे?’’

‘‘बोटीत आहे आजी. बेटावर गेलो होतो.’’

‘‘पाण्यात? कशाला गेलास बाबा!’’ मग थोडं थांबून, ‘‘माणसं राहत्यात का तिथं?’’

‘‘राहतात की.’’

‘‘लाईट हाय का?’’

‘‘आता आहे.’’

‘‘मग बरं हाय,’’ आजी म्हणाली. विषय संपला.

ऐरोलीचं मी त्या दिवशी काढलंच नाही. विचारलं फक्त, मागच्या खोलीचा स्लॅब अजून गळतो का. गळतो म्हणाली. एक गवंडी हाताशी होता, पण त्याच्यापाशी उभं राहायला घरचं कोणी नव्हतं. पुढच्या शुक्रवारच्या रात्रीचं ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय. दोन दिवस रजा टाकली आहे. बॉसने विचारलं, ‘कुठे, गोवा?’ म्हटलं, नाही. गावी. काम आहे.

आणि आजी ऐरोलीला येणार की नाही? बघू!

जायचंय? मग हे लक्षात ठेवा

• गेटवे ऑफ इंडियाहून बोट. साधारण एक तास. सकाळी लवकर निघा, म्हणजे लेण्यांनंतर गावासाठी वेळ उरतो.
• सोमवारी लेणी बंद.
• पावसाळ्यात समुद्राचा मूड बघूनच बेत ठरवा. लाइफ जॅकेट घालायला लाजू नका.
• माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका. जाईल!
• पायऱ्यांवरून थेट खाली उतरू नका. मोराबंदर, राजबंदरकडे पायी जाता येतं. पण तिथे लोकांची घरं आहेत, कॅमेरा काढण्याआधी विचारा.
• जेवण बेटावरच जेवा, वस्तू बेटावरूनच घ्या. आणि प्लास्टिक मात्र परत घेऊन या.
• परतल्यावर एखादा रविवार भायखळ्याला. तो दगडी हत्ती बघायचा राहिलाय ना?