अवसाद व त्याचे निदान

अवसाद : मनाची सततची खिन्नता, आनंदाचा लोप आणि क्रियाशक्तीची मंदता ही प्रमुख लक्षणे असलेला भावस्थितीचा विकार. व्यवहारात यास नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात. तथापि आशाभंगाने येणारी तात्पुरती उदासी म्हणजे हा विकार नव्हे.

हा भेद सर्वांत अवघड ठरतो तो मोठ्या आपत्तीनंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाचा तडाखा लातूर जिल्ह्याबरोबरच मुरुम ज्यात येते त्या उमरगा तालुक्यासही (जि. उस्मानाबाद, आता धाराशिव) बसला. आपद्‌ग्रस्तांच्या मनोवैद्यकीय पाहणीचा १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला वृत्तांत आघातोत्तर तणावविकृती व अवसाद या दोन निदानांचे प्राबल्य दर्शवितो. जेथे घरोघरी मृत्यू झालेला, तेथे शोक कोणता आणि विकार कोणता? शोक लाटांसारखा येतो. मध्यंतरी माणूस सावरतो, नातवंडाच्या बोलण्यावर हसतोही. अवसादात अशी उसंत नसते. ‘मीच नालायक, मीच अपराधी’ ही भावना घर करते. म्हणून शोककालात हे निदान करताना लक्षणे महिनाभर वा अधिक काळ अखंड टिकली आहेत काय, हे पाहिले जाते.

एरवी कालमर्यादा दोन आठवड्यांची आहे. २०२२ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीनुसार दहांपैकी किमान पाच लक्षणे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ असावी लागतात. त्यांत खिन्नता किंवा अनास्था यांपैकी एक आवश्यक. अन्य लक्षणे झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचाल, आत्मसन्मान, निराशा आणि मृत्यूचे विचार यांसंबंधीची आहेत. दैनंदिन व्यवहारही खालावलेला असावा लागतो.

अवसाद सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही. रक्त तपासतात ते अवटू ग्रंथीची मंदता, रक्तक्षय यांसारखी साम्य दाखविणारी कारणे वगळण्यासाठी. पूर्वी अतिउत्साहाचा झटका येऊन गेला काय, हेही विचारावे लागते. कारण द्विध्रुवी विकारात केवळ अवसादरोधक औषधे अपायकारक ठरू शकतात.

ग्रामीण रुग्ण ‘मी खिन्न आहे’ असे क्वचितच म्हणतो. अंग गळून जाते, डोके जड होते, छातीत धडधडते, कशात जीव लागत नाही, अशा तक्रारी घेऊन तो येतो आणि शक्तीचे इंजेक्शन घेऊन परत जातो. २०१५ मध्ये राज्य शासनाने उस्मानाबादसह चौदा जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्त्यांवर अशा व्यक्ती हेरण्याचे काम सोपविले गेले. याकामी प्रचलित असलेली नऊ प्रश्नांची, २७ गुणांची प्रश्नावली ही केवळ चाळणी होय. १० वा अधिक गुण म्हणजे निदान नव्हे, तर सविस्तर तपासणीची गरज.

आत्महत्येचा विचार येतो काय, हे स्पष्ट शब्दांत विचारणे तपासणीचा अनिवार्य भाग आहे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. होकारार्थी उत्तर आल्यास रुग्णास एकटे न ठेवता व घरातील कीटकनाशके हलवून त्यास तातडीने मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात. २०२२ पासून ‘टेलिमानस’च्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावरही साहाय्य मिळते.