फुलांच्या वाटेवरचा खुळखुळा

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात, सॅन डिएगो शहरापासून मोटारीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर, आन्झा-बोरेगो नावाचा जो वाळवंटी मुलूख आहे, आणि सुमारे ६ लाख एकरांच्या विस्तारामुळे जो त्या राज्याच्या सरकारी उद्यानांत सर्वांत मोठा ठरला आहे, तेथे फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत, हिवाळी पाऊस मनाजोगता झालेला असल्यास, उघड्या वाळूवर जांभळी व्हर्बिना आणि पांढरी प्रिमरोझ अशी दाटीने उमलतात की वाळू दिसेनाशी होते. त्या देशी स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी कोणी, सोबत न मिळाल्यामुळे म्हणा किंवा एकांताच्या आवडीने म्हणा, एकट्यानेच तिकडे पायी फिरण्याचा बेत जाहीर केला, की घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीला खुळखुळा असलेला साप. ही भीती निराधार नाही. मात्र ती बहुधा भलत्याच जागी ठेवलेली असते.

पहिला आणि सर्वांत दृढ समज असा की, हा साप सभ्य आहे. तो आगाऊ वर्दी दिल्यावाचून दंश करीत नाही. वास्तविक खुळखुळा हे त्याचे पहिले नव्हे, बरेच पुढचे साधन होय. अंगावरची मातकट नक्षी आणि निश्चल पडून राहण्याची असामान्य शक्ती यांच्यावर त्याची खरी मदार असते, आणि आपण त्याच्या अगदी लगत येऊन ठेपेपर्यंत तो पुष्कळदा मौनच पाळतो. हा खुळखुळा आपल्या नखांसारख्याच द्रव्याचा बनलेला असतो. प्रत्येक कातेगणिक त्यात एक कडी वाढते. परंतु कात वर्षातून एकाहून अधिक वेळा टाकली जाते आणि जुन्या कड्या तुटूनही जातात, म्हणून कड्या मोजून सापाचे वय सांगणाऱ्यांचे गणित चुकते. नवजात पिलाला तर एकच कडी असते आणि एका कडीचा आवाज होत नाही. तात्पर्य, कानावर विसंबून चालणाऱ्याने डोळ्यांना रजा देऊ नये.

आपल्याकडे केवड्याच्या आणि चंदनाच्या सुगंधाला साप लुब्ध होतात अशी समजूत आहे, आणि ती मनात घेऊनच कोणी समुद्र ओलांडला तर फुले व साप यांचा कार्यकारणसंबंध जुळवायला त्याला वेळ लागत नाही. सापाला सुगंधाचे अगत्य नाही. ज्या उबेने वाळवंटात फुले उमलतात त्याच उबेने तो बिळातून बाहेर पडतो. झुडपांच्या बुडाशी सावली मिळते, आणि उंदीर व सरडेही तेथेच वावरतात. उन्हाळ्यात तो बहुतांशी रात्री हिंडतो, पण वसंतातील दिवस सौम्य असल्याने नेमका आपल्या फिरण्याच्या वेळीच तोही बाहेर असतो. फुलांचा शौकीन मात्र छायाचित्रासाठी मागे न पाहता चार पावले मागे सरतो, गुडघे टेकतो, झुडपाच्या बुडाशी हात घालतो. माझ्या मते धोका आहे तो या तीन हालचालींत. मोकळ्या पायवाटेवरून खाली पाहत चालण्यात तो फारसा नाही.

डूख धरण्याची कथाही तशीच. कोणताही साप सूड घेण्यासाठी माणसाचा पाठलाग करीत नाही. कधी तो आपल्या रोखाने येताना दिसला तरी त्याचे बीळ किंवा सावली आपल्या पाठीमागे असण्याचाच संभव अधिक. त्याची झेप सामान्यतः स्वतःच्या लांबीच्या निम्म्याच्या आतबाहेर पोचते. तेव्हा दिसताच थबकून, दोन-तीन माणूस लांबीचे अंतर राखून, वळसा घालणे पुरे. पिलाचा दंश मोठ्या सापाहून घातक, हेही खरे नव्हे; मोठ्याजवळ विषाचा साठा कितीतरी अधिक असतो.

हिंदुस्थानात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरसाल सरासरी ५८ हजार माणसे दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ७ ते ८ हजारांना विषारी साप चावतात, पण मृत्यू पाचाच्या आसपास असतात. म्हणजे आपल्या भीतीचे प्रमाण आपण मायदेशातूनच सोबत नेलेले असते. हा फरक मुख्यतः वेळेवर मिळणाऱ्या प्रतिविषाचा आहे, आणि त्यामुळेच चीर देणे, विष चोखणे, करकचून बांधणे, बर्फ लावणे हे जुने उपाय वेळ दवडतात आणि इजाही करतात. सापापासून दूर व्हावे, अंगठी व घड्याळ सूज चढण्यापूर्वी उतरवावे, ९११ या क्रमांकावर खबर द्यावी. साप मारून पुरावा म्हणून नेण्याची गरज नाही, कारण तुटलेले मुंडकेही काही काळ चावू शकते.

आता एकटेपणाविषयी. साप माणसे मोजत नाही. चार जणांच्या मेळ्यालाही तो तितकाच चावेल. फरक पडतो तो नंतर, मदत कोणी आणायची या प्रश्नाशी. या उद्यानाच्या बऱ्याच भागांत मोबाईलला संपर्क मिळत नाही. म्हणून कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार आणि न परतल्यास कोणाला कळवायचे, याची लेखी इत्तला मागे ठेवणे, आणि जमल्यास उपग्रहामार्फत संदेश धाडणारे छोटे यंत्र बाळगणे, ही तजवीज कोणत्याही काठीपेक्षा कामाची. संपर्क नसताना दंश झालाच, तर धावत सुटू नये; थांबत, सावकाश, रस्त्याच्या दिशेने यावे. माणशी दररोज निदान ४ लिटर पाणी हवेच, कारण त्या वाळवंटात सापाहून ऊन अधिक दगा देते.

राहिला फुलांविषयीचा समज, की ती दरवर्षी हमखास भेटतात. २०१७ आणि २०१९ साली तेथे फुलांना अपूर्व बहर आला. परंतु या वार्षिक वनस्पतींचे बी पुरेसा पाऊस झाल्यावाचून अंकुरत नाही आणि वर्षानुवर्षे वाळूत निजून राहते. कोरड्या वर्षी एकट्याने तेथवर गेलेल्याला पिवळी पडलेली झुडपे तेवढी दिसतील, आणि त्यांच्या बुडाशी, ऊब असेल तर, साप.